फ्लेक्सवरचा बारावा चेहरा

तौसिफ,

हे पत्र टाकायचं कुठे, ते मला माहीत नाही. परवा तुझ्या आईला बऱ्हाणपूरचा पत्ता विचारला तर रहिमाबी म्हणाली, "पत्ता नका विचारू अक्का. जो येतो तो तेच विचारतो." म्हणजे तिने मला पोलिसांच्या रांगेत बसवलं. बसवू दे. तिचं अगदीच चुकलं असं मला म्हणता येत नाही.

तुला माहीत असलेल्याच गोष्टी लिहिणार आहे, कंटाळू नकोस. आपल्या कॉलनीत तुझी जी गोष्ट सध्या सांगितली जाते, ती ऐकून माझं डोकं उठलंय. समोरची पूनम पोराला भरवताना म्हणते, "नीट खा, नाहीतर तौसिफच्या टोळीला देऊन टाकीन." तौसिफची टोळी! भाजीवालीने दोन टोमॅटो कमी घातले तर तिला सांगायची ज्याची हिंमत होत नाही, त्याची म्हणे टोळी.

मी तीस वर्षं सरकारी ऑफिसात टायपिंग केलं. 'टोळी', 'टोळीप्रमुख', 'टोळी सदस्य' हे शब्द शेकडो वेळा बोटांखालून गेले. टोळी म्हणजे काय, हे एकदाही कुणाला विचारलं नाही. अमळनेरच्या कॉलेजात बी.ए.ला समाजशास्त्र घेतलं होतं, तरी नाही. पंचाहत्तरीला टेकल्यावर तू विचारलंस आणि मला उत्तर आलं नाही. उत्तर येत नसलं की मी चिडते. तुला ते माहीत आहे.

तर पहिल्यापासून सांगते.

बारावीनंतर तू बसस्टँडमागच्या बोळात मोतीलालशेठच्या फ्लेक्सच्या दुकानात लागलास. वडील नव्हते, आई लोकांच्या रजया शिवायची, धाकटी आयत शाळेत. कॉम्प्युटर तू कुठे शिकलास कोण जाणे, पण तुझा हात असा बसला की शेठ गिऱ्हाइकांना सांगायचे, "तौसिफच्या हाताखालून गेलेला माणूस त्याच्या बायकोलाही ओळखू येत नाही." काळ्याला उजळ करायचास, टकलाला केस द्यायचास, सुटलेलं पोट आत घ्यायचास. दर नोव्हेंबरात माझा हयातीचा दाखला तूच मोबाइलवर करून द्यायचास. "अक्का, डोळे मिचकावा, नाहीतर मशीन म्हणेल बाई गेल्या." मी म्हणायचे, "मशीनला सांग, इतक्यात नाही."

आणि तुमच्या त्या चहाच्या टपरीवर किरण बसायचा. चोवीस वर्षांचा, एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात कामाला, आवाज मोठा, मन त्याहून मोठं असं सगळे म्हणत. कुणाची गाडी बंद पडली, कुणाच्या बहिणीला कुणी काही बोललं, की किरण उभा. त्याच्याभोवती दहा-अकरा पोरं. अर्धी हिंदू, अर्धी मुसलमान. एकोप्यावरची भाषणं मी आयुष्यभर ऐकली. एकोपा पाहिला तो त्या टपरीवर. तोपर्यंत त्यांना कुणी टोळी म्हटलं नव्हतं. रिकामटेकडे म्हणायचे. मीही म्हणायचे.

एप्रिलच्या शेवटी किरणचा वाढदिवस आला आणि पोरांनी फ्लेक्स लावायचा ठरवला. हे एक नवीनच खूळ आहे आपल्याकडे. जिवंतपणी चौकात चेहरा लागला नाही तर जन्म फुकट. फ्लेक्स अर्थात तुझ्याकडे आला. मध्ये गॉगल लावलेला किरण, त्याच्यामागे जबडा उघडलेला सिंह, वर 'किरणभाऊंना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा', खाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो. वरच्या ओळीत सहा, खालच्या ओळीत पाच.

पुढे मी तुला खोदून खोदून विचारलं तेव्हा तू म्हणालास, "खाली एक जागा रिकामी दिसत होती अक्का. वाईट दिसत होतं. मग माझाच टाकला."

"कमळ टाकायचं होतंस. मोर टाकायचा होतास."

"फोटोंच्या ओळीत मोर कसा टाकणार?"

"तुझा फोटो कसा टाकलास?"

"ईदचा होता. पांढरा कुर्ता. गॉगल वरून लावला."

गॉगल वरून लावला! इथेच तुझं खोटं पकडलं मी. जागा भरायची होती तर गॉगल कशाला? तुलाही चौकात दिसायचं होतं. दिसलास. दुसऱ्या दिवशी टपरीवाल्याने म्हणे तुला 'या तौसिफभाई' म्हटलं. शाळेपासून तुझी टिंगल करणारी ती नाक्यावरची पोरं बाजूला सरकून वाट द्यायला लागली. किरणने पाठीवर थाप मारली, "आपला डिझायनर!" तुला बरं वाटलं. वाटणारच. बावीस वर्षांत तुला कुणी 'आपला' म्हटलं नव्हतं, आणि मी काही म्हणणाऱ्यातली नव्हे.

चार दिवस फ्लेक्स चौकात राहिला. पाचव्या दिवशी तो चिंधाने काढला.

चिंधा अमळनेरकडचा. वय साठच्या पुढे. यावलहून येणारी केळी हातगाडीवर विकायचा, त्याच चौकात. आपल्याकडे फ्लेक्सची रीत ठरलेली आहे. वाढदिवस झाला, निवडणूक झाली, की तो कुणाच्या तरी कामाला येतो. बकऱ्यांच्या आडोशाला, रिक्षाच्या टपावर, गळक्या पत्र्यावर. किरणच्या स्वतःच्या न्हाणीवर कुठल्या तरी माजी नगरसेवकाचा हसरा चेहरा दोन वर्षं पडून आहे, मी डोळ्यांनी पाहिला आहे. मे महिना, बेचाळीस-त्रेचाळीस अंश ऊन, केळी काळी पडायला लागलेली. चिंधाने फ्लेक्स सोडला आणि केळ्यांवर पसरला, छापील बाजू आत. केळ्याच्या चिकाचे डाग सगळ्यांच्या तोंडावर पडले. ते डाग धुऊन जात नाहीत.

कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला. किरणच्या कपाळावर काळा डाग, खाली लिहिलेलं, 'भाऊंची किंमत: डझनभर केळी.' बस. दुपारी तीन वाजता, भर चौकात, किरणसकट सात पोरं गेली. हातगाडी उलटी केली आणि म्हाताऱ्याला बडवला. त्याचा उजवा हात कोपराखाली मोडला. रस्त्यावर पन्नास माणसं होती, साक्षीला एकही पुढे आलं नाही.

आणि तू? तू टपरीवरच्या अतिकची मोटारसायकल चालू ठेवून कडेला उभा होतास.

ह्यावर तुझं-माझं जे भांडण झालं ते मला शब्दन् शब्द आठवतंय. माझ्या ओसरीवर, सकाळी, तू उभाच.

"मी हात लावला नाही अक्का. अल्लाची शपथ."

"गाडी का नाही बंद केलीस?"

"बंद केली की ती परत लवकर चालू होत नाही."

मी हसले. हसले म्हणजे काय, तोंडातून आवाज निघाला. एका म्हाताऱ्याचा हात मोडतोय आणि ह्याला काळजी गाडीच्या किकची. तुला ते हसणं लागलं. तू म्हणालास, "उतरून काय करायला पाहिजे होतं? मला पण मारलं असतं."

"मग मार खायचा."

"तुम्ही बसल्या जागी बोलता."

खरं होतं ते. पण त्या दिवशी मला ते उद्धटपणाचं वाटलं.

सातजणांवर गुन्हा दाखल झाला, त्यात तू. दोन दिवसांनी जामिनावर सुटलास. सुटल्यावर तू शहाण्यासारखं केलंस ते एकच: किरणच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून बाहेर पडलास. पाच मिनिटांत तुला परत आत घेतलं. परत बाहेर पडलास. संध्याकाळी किरण स्वतः दुकानात आला, गरम समोशांची पुडी घेऊन. शेठसमोर, अगदी प्रेमाने. तूच मला नक्कल करून दाखवली होतीस.

"काय रे, रागावला का?"

"नाही भाऊ. काम असतं, मोबाइल सारखा वाजतो."

"मग म्यूट कर ना. बाहेर कशाला जायचं? कोठडीत तुला नुसत्या फरशीवर झोपू दिलं होतं का मी? माझं पांघरूण तुला दिलं ना?"

"दिलं भाऊ."

"मग खा समोसा."

तू समोसा खाल्लास. त्याने दमदाटी केली असती तर कदाचित तू कुणाकडे गेला असतास, ओरडला असतास. पांघरूण देणाऱ्याविरुद्ध तक्रार कुठे करणार?

दिवाळीच्या आधी नोटीस आली. ती घेऊन तू माझ्याकडे आलास. सरकारी मराठी तुला वाचता येईना. मी वाचून दाखवली. किरण टोळीप्रमुख, बाकीचे टोळी सदस्य. ह्यांची परिसरात दहशत आहे, लोक साक्ष द्यायला भितात, सबब टोळीला जळगाव आणि धुळे ह्या दोन जिल्ह्यांतून दोन वर्षांसाठी हद्दपार का करू नये, ह्याचा खुलासा अमुक तारखेला करावा. हद्दपार म्हणजे लोक तडीपार म्हणतात ते. शेवटी यादी. ती यादी वाचताना मला काहीतरी ओळखीचं वाटलं. क्रम ओळखीचा होता. किरणच्या खाली आधी सहा नावं, मग पाच, आणि बारावा तू: 'तौसिफ उर्फ डिझायनर'. साधा दगड फेकल्याबद्दलही ज्यांचं नाव कधी निघालं नाही, अशी सहा पोरंसुद्धा त्यात होती. चिंधाच्या हातगाडीवरून जप्त झालेला फ्लेक्स कुणीतरी समोर ठेवला होता आणि डावीकडून उजवीकडे उतरवून काढला होता. सिंहाचाही उल्लेख होता. 'दहशत निर्माण करणारे चित्र.'

"सिंह तर फुकटचा होता अक्का," तू म्हणालास. "नेटवरून घेतलेला. कालच तोच एका भजनी मंडळाला लावला."

मग तू विचारलंस, "पण टोळी म्हणजे नक्की काय? आम्ही चोरी केली नाही. हप्ता घेतला नाही. किरणभाऊ तर रोज पाळीवर जातो."

मी म्हटलं, "कागदावर जे लिहिलंय ते वाच. एक पुढारी, बाकी मागे, आणि लोकांना भीती."

"मग लग्नातलं वऱ्हाड पण टोळी?"

"वऱ्हाडातून माणूस जेवून घरी जाऊ शकतो."

हे मी सहज, वैतागून बोलले. नंतर मलाच वाटलं, इतक्या वर्षांच्या टायपिंगमधून जे कळलं नाही ते हेच. तुला आत यायला काही लागलं नाही, एक ईदचा फोटो पुरला. निघायचा रस्ता मात्र किरणच्या समोशाने एका बाजूने अडवला आणि सरकारी यादीने दुसऱ्या बाजूने.

तरी एक वाट होती, आणि ती मलाच दिसली होती. मोतीलालशेठनी लेखी द्यायचं की हा आमचा कामगार, फ्लेक्सचं डिझाइन ह्यानेच केलं, जागा भरायला स्वतःचा फोटो टाकला, त्या मंडळींशी दुकानापलीकडे ह्याचा संबंध नाही. सोबत ऑर्डरचा कागद, त्यावर शुभेच्छुकांच्या अकराच फोटोंची नोंद. मारहाणीची केस राहिलीच असती, पण ती एक केस म्हणून राहिली असती. यादीतून नाव निघायची आशा होती. निदान मांडता आलं असतं. शेठ तुला देईनात. "माझ्या दुकानाचं नाव कागदावर नको," म्हणाले. पण माझा शब्द त्यांनी मोडला नसता. दुकानाच्या परवान्यासाठी ते माझ्या टेबलासमोर महिनाभर खेटे घालत होते आणि मी त्यांचा अर्ज तीन वेळा दुरुस्त करून दिला होता, हे ते अजून चारचौघांत सांगतात.

"अक्का, तुम्ही फक्त एकदा जा शेठकडे."

मी 'जाते' म्हणाले होते. मग मध्ये चिंधाकडे गेले. तू पाठवलं नव्हतंस, मीच गेले. हाड नीट जुळलं नव्हतं, हात अजून गळ्यात बांधलेला, सून भाकरीचे तुकडे करून भरवत होती. मी कोण ते सांगितलं. म्हातारा म्हणाला, "मी काय पाप करं, बाई? केळांवर ऊन येत व्हतं, म्हनीसन टाकं. वाढदिवस तं व्हई गयथा ना?" मग जरा थांबून, "गाडीवर एक पोऱ्या व्हता. मी त्याकडेच देखी ऱ्हायंतू. तो उतरना नही."

बाकी सहाजण त्याला मारत होते, आणि तो मदतीसाठी तुझ्याकडे पाहत होता. त्या सातांत मारत नव्हता तो तू एकटाच होतास ना.

घरी आले ती पेटूनच. तुला फोन करून बोलावलं. "आधी चिंधाकडे जा," म्हटलं. "समोर उभा राहा, चुकलं म्हण. मग मी शेठकडे जाते."

तू म्हणालास, "मी गेलो तर म्हणतील साक्षीदाराला धमकवायला आला. जामीन रद्द होईल."

"कारणं सांगू नकोस."

"खरंच अक्का. वकिलाने सांगितलंय."

"वकील काय, भित्र्याला भीतीच विकणार."

मला माहीत असायला हवं होतं. तीस वर्षं तसले कागद मी टाईप केले. आरोपीने फिर्यादीच्या दारात पाऊल ठेवू नये ही अट माझ्या बोटांना पाठ आहे. तुझ्याबरोबर मी गेले असते तर? पंचाहत्तरीच्या बाईला सोबत घेऊन कुणी धमकी द्यायला जात नाही. ते तेव्हा सुचलं नाही. सुचलं असेल तरी रागात बाजूला सारलं. तुला एकट्यालाच जायला लावायचं होतं मला. तू त्या गाडीवरून उतरावंस असं वाटत होतं, सहा महिने उशिरा का होईना.

तू चिंधाकडे गेला नाहीस. मी शेठकडे गेले नाही. तारीख आली, तू हात हलवत साहेबांसमोर उभा राहिलास आणि म्हणालास, "साहेब, मी फक्त डिझाइन केलं." साहेबांनी विचारलं, "पुरावा?"

दोन वर्षं. दोन जिल्हे. रहिमाबीने तुझे कपडे एका रजईच्या खोळीत भरले, बॅग नव्हती म्हणून. मालेगावच्या मामाने दोन दिवस ठेवलं. घरात मुलीचं लग्न ठरतंय, तडीपार भाचा कसा दाखवायचा? तिसऱ्या दिवशी तू बऱ्हाणपुरात. किरणने तिथे पॉवरलूमच्या भागात एक खोली धरली होती. त्याच्यासकट तेराजणांना.

हे तू फोनवर सांगितलंस. जी सहा पोरं त्या दुपारी चौकात नव्हती, तीही त्याच खोलीत. एकत्र स्वयंपाक, एकत्र झोपणं, काम मिळवून देणारा किरण, कुणी आजारी पडलं तर किरण. जळगावात तुम्ही टपरीवरून उठून आपापल्या आईच्या हातचं जेवायला जात होतात. आता किरण सोडून तुम्हाला कोण आहे?

"बरा आहेस का?"

"बरा आहे."

"काम?"

"लूमवर लागलोय. पण अक्का..." मग तुझा आवाज खाली गेला. "इथल्या एकाशी किरणभाऊचं वाजलंय. उद्या सगळ्यांनी चला म्हणतोय."

"तू जाणारेस?"

"गाडी तरी धरावी लागेल ना. नाही म्हटलं तर झोपू कुठे?"

मागून कुणीतरी हाक मारली, "डिझायनर, किती बोलतो रे घरी?" आणि फोन बंद झाला.

तू गेलास की नाही, मी विचारलं नाही. धीर झाला नाही म्हण.

हुकुमाविरुद्ध अपील करायला तीस दिवस असतात. एकोणतिसाव्या दिवशी तुझा परत फोन आला. अपिलाचा अर्ज वकिलाने लिहून ठेवला होता, त्याला जोडायला शेठचा कागद तेवढा नव्हता. तू गयावया केली नाहीस. साधं विचारलंस, "अक्का, शेठकडे जाऊन आलात का?"

मोतीलालशेठचं दुकान माझ्या घरापासून पायी पंधरा मिनिटांवर आहे. त्या दिवशी सोमवार होता, दुकान उघडं होतं. आणि तुला जळगावच्या हद्दीत पाऊल टाकलं तर अटक होती. चिंधाचं घर हद्दीच्या आत. हे सगळं मला कळत होतं, तौसिफ.

मी म्हटलं, "तू चिंधाकडे जाऊन आलास का?"

तू फोन ठेवलास. मी तो तसाच कानाला धरून बसले होते, चपला समोर दारातच होत्या; तिसाव्या दिवशीही त्या तिथून हलल्या नाहीत.